एका वर्षाची किंमत : अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंचे स्थलांतर आणि न्यायालये (१८९६ ते २०२५)

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखाद्या विद्यार्थ्याने एक महाविद्यालय सोडून दुसऱ्यात प्रवेश घेतला, तर नव्या ठिकाणी वादसभेत बोलण्यास, वाद्यवृंदात वाजवण्यास किंवा प्रयोगशाळेत काम करण्यास त्याला कोणी अडवीत नाही. हाच विद्यार्थी फुटबॉल वा बास्केटबॉल संघातील खेळाडू असेल, तर मात्र विसाव्या शतकातील बहुतेक काळ त्याला नव्या महाविद्यालयात एक पूर्ण वर्ष स्पर्धेबाहेर बसावे लागत असे. तो वर्गात बसू शकत होता, संघाबरोबर सराव करू शकत होता. सामन्यात उतरू शकत नव्हता. हा निर्बंध 'एक वर्ष निवासाचा नियम' या नावाने ओळखला जाई.

एक वर्षाचा हा अवधी वरकरणी लहान वाटतो. परंतु दीर्घकाळ लागू असलेल्या नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांच्या अवधीत फक्त चार हंगाम खेळता येत. पाचपैकी एक वर्ष बसण्यात गेले की दुखापत वा आजारपण यांसाठी हाती काही शिल्लक राहत नसे; आणि ज्याने ते जादा वर्ष आधीच खर्च केले असेल, त्याचा एक हंगाम कायमचा बुडे. त्यामुळे खेळाडू न्यायालयात गेले. सुमारे चार दशके न्यायालयांनी त्यांना बहुतांशी रिकाम्या हाताने परत पाठविले आणि नंतर २०२३ च्या डिसेंबरमध्ये अवघ्या काही दिवसांत हा नियम कोसळला.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) स्थलांतरविषयक नियमाचा उगम व त्यामागील मूळ शैक्षणिक हेतू तपासणे.
२) या हेतूत कालांतराने झालेला बदल स्पष्ट करणे.
३) न्यायालयांच्या बदलत्या भूमिकेचा ऐतिहासिक क्रमाने आढावा घेणे.

नियमाचा उगम : भटके खेळाडू

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी महाविद्यालयांत 'भटक्या खेळाडूं'चा प्रश्न गंभीर झाला होता. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फील्डिंग योस्ट. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेणारा हा फुटबॉलपटू १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये लाफायेत महाविद्यालयाच्या संघात दाखल झाला, बलाढ्य पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात खेळला आणि लाफायेतच्या ऐतिहासिक विजयानंतर काही आठवड्यांतच आपल्या मूळ विद्यापीठात परतला. त्याचे लाफायेतमधील 'शिक्षण' म्हणजे प्रत्यक्षात तो एक सामनाच होता.

हेन्री बीच नीडहॅम यांनी १९०५ साली 'मॅक्क्लुअर्स मॅगझिन'मधील लेखांतून अशा व्यवहारांवर प्रकाश टाकला. त्याच वर्षी मैदानावरील मृत्यूंमुळे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. १९०६ मध्ये महाविद्यालयांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९१० पासून ती 'नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन', अर्थात एन.सी.ए.ए., या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०६ मध्येच मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स एंजेल यांच्या पुढाकाराने मध्यपश्चिमेतील विद्यापीठांची परिषद भरली. खेळण्यापूर्वी एक वर्ष निवास आणि जास्तीत जास्त तीन वर्षे खेळण्याची मुभा, असे नियम या परिषदेने केले. ज्या योस्टच्या भटकंतीची चर्चा झाली, तोच या सुमारास मिशिगनचा प्रशिक्षक होता. आणि नव्या नियमांवरून मतभेद होऊन मिशिगन विद्यापीठ लवकरच या गटातून बाहेर पडले.

येथे एक बाब विशेषत्वाने लक्षात घेतली पाहिजे. मूळ नियम केवळ स्थलांतर करणाऱ्यांसाठी नव्हता. शाळेतून थेट आलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मुख्य संघातून खेळण्यास मज्जाव होता. 'आधी वर्षभर अभ्यास करा, विद्यार्थी असल्याचे सिद्ध करा, मग खेळा', हे तत्त्व सर्वांना सारखेच लागू होते. सुरुवातीची कित्येक दशके राष्ट्रीय संघटनेकडे अंमलबजावणीची शक्ती नव्हती. अंमल महाविद्यालयांच्या व प्रादेशिक परिषदांच्या हाती होता. तरीही नियमाची शैक्षणिक भूमिका सुसंगत होती, हे मान्य करावे लागते.

१९७२-७३ : नियमाचा अर्थ बदलतो

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती पालटली. १९५६ पासून क्रीडाकौशल्यावर आधारित शिष्यवृत्ती अधिकृत झाली. दूरचित्रवाणीमुळे फुटबॉल व बास्केटबॉल यांच्या उत्पन्नात वाढ झाली. एन.सी.ए.ए.चे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांच्या कारकिर्दीत 'विद्यार्थी-खेळाडू' ही संज्ञा रूढ करण्यात आली. जखमी खेळाडूंनी कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू नये, हा त्या संज्ञेमागील एक स्पष्ट हेतू होता.

या पार्श्वभूमीवर लागोपाठ दोन निर्णय झाले. पहिला, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांवरील बंदी १९६८ मध्ये अन्य खेळांसाठी आणि १९७२ मध्ये फुटबॉल व बास्केटबॉलसाठी उठविण्यात आली. दुसरा, १९७३ पासून शिष्यवृत्ती फक्त एका वर्षासाठी देण्याचे आणि तिचे नूतनीकरण महाविद्यालयाच्या मर्जीवर ठेवण्याचे ठरले.

या दोन निर्णयांची एकत्रित फलश्रुती महत्त्वाची आहे. अठरा वर्षांचा, महाविद्यालयीन जीवनाशी अपरिचित असा नवागत पहिल्याच आठवड्यात मैदानात उतरू शकत होता. पण दोन वर्षे महाविद्यालयात काढलेल्या, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालय बदलताच 'शिक्षणाशी जुळवून घेण्यासाठी' एक वर्ष बसावे लागत होते. एकीकडे महाविद्यालय वर्षाअखेरीस खेळाडूची शिष्यवृत्ती थांबवू शकत होते. दुसरीकडे खेळाडू स्वतःहून निघाला तर त्याचे वर्ष जात होते. प्रशिक्षक मात्र करार संपवून दुसऱ्या विद्यापीठात जाऊन त्याच हंगामात काम सुरू करू शकत होता. नियमाचे शब्द जुनेच राहिले, त्याचे कार्य मात्र बदलले. शिक्षणाचे रक्षण करणारा नियम खेळाडूला जागेवर धरून ठेवणारा नियम झाला.

पुढे बहुतेक खेळांतील खेळाडूंना एकदा महाविद्यालय बदलून लगेच खेळण्याची सवलत मिळाली. फुटबॉल, पुरुष व महिला बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी हे पाच खेळ मात्र त्यातून वगळले गेले. जलतरणपटूला किंवा टेनिसपटूला अभ्यासाशी जुळवून घेण्यास वर्ष लागत नाही आणि बास्केटबॉलपटूला लागते, याचे समाधानकारक शैक्षणिक स्पष्टीकरण देणे अवघड होते. ज्यांत पैसा व भरतीची चुरस अधिक ते खेळ या यादीत होते, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते.

न्यायालयांचा पहिला कौल : हक्क नव्हे, सवलत

सुरुवातीच्या खटल्यांत खेळाडूंनी संविधानाचा आधार घेतला. योग्य कायदेशीर प्रक्रियेविना आपल्याला स्पर्धेपासून वंचित ठेवले, असे त्यांचे म्हणणे असे. महाविद्यालयीन स्पर्धेत भाग घेणे हा हक्क नसून सवलत आहे, असे उत्तर बहुतेक न्यायालयांनी दिले.

या काळातील उल्लेखनीय प्रकरण म्हणजे लुइझियाना राज्यातील इंग्लिश विरुद्ध एन.सी.ए.ए. (१९८३). जॉन इंग्लिश हा क्वार्टरबॅक मिशिगन स्टेटसह अनेक संस्थांतून फिरून, आयोवा स्टेटनंतर टुलेन विद्यापीठात आला. त्याचे वडील तेथे प्रशिक्षक होते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची संस्था सोडून एक वर्ष लोटले पाहिजे, या नियमात 'संस्था' म्हणजे पहिली की शेवटची, हा वादाचा मुद्दा होता. पहिली धरली तर तो पात्र ठरत होता, शेवटची धरली तर अपात्र. राज्याच्या अपील न्यायालयाने संघटनेचा अर्थ ग्राह्य धरला. तथापि खटला चालू असताना तात्पुरत्या आदेशाच्या आधारे इंग्लिश सामने खेळला होता. परिणामी टुलेनला त्या हंगामातील काही विजय गमवावे लागले.

महाविद्यालयीन खेळाडूच्या खटल्याचे एक वैशिष्ट्य या प्रकरणातून प्रकर्षाने दिसते. हंगाम काही महिन्यांचा असतो, खटला काही वर्षांचा. अंतिम निकाल लागेपर्यंत वादीचे खेळण्याचे वय निघून गेलेले असते. म्हणून खरा निर्णय अंतरिम मनाई हुकुमाच्या टप्प्यावरच होतो. एन.सी.ए.ए.ने याला उत्तर म्हणून नुकसान-परतीचा नियम केला : न्यायालयाच्या आदेशावरून खेळाडू खेळला आणि तो आदेश पुढे रद्द झाला, तर विजय काढून घेणे यांसारखी शिक्षा महाविद्यालयाला देता येईल. यामुळे खेळाडूने हुकूम मिळवला तरी त्याला मैदानात उतरवण्यास महाविद्यालय कचरत असे. न्यायालयाचा दरवाजा उघडा होता, पण उंबरठ्यावर दंडाची टांगती तलवार होती.

१९७० च्या दशकात काही संघीय न्यायालयांनी एन.सी.ए.ए.च्या कृतीला राज्यसंस्थेची कृती मानले होते. १९८८ साली टारकेनियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही संघटना राज्यसंस्था नव्हे, असा निर्णय दिला. संविधानाचा मार्ग त्यामुळे जवळजवळ बंद झाला.

शर्मन कायदा आणि गृहीतकाचे कवच

दुसरा मार्ग १८९० च्या शर्मन कायद्याचा होता. स्पर्धकांनी आपसांत संगनमत करून व्यापारावर निर्बंध घालणे या कायद्याने बेकायदेशीर ठरते. खेळाडूंच्या सेवेसाठी स्पर्धा करणाऱ्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन स्थलांतर रोखणे हा असाच निर्बंध आहे, असा युक्तिवाद पुढे आला.

या युक्तिवादाच्या वाटेत १९८४ चा बोर्ड ऑफ रीजंट्स खटला उभा होता. हा खटला दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या हक्कांविषयी होता आणि त्यात एन.सी.ए.ए. हरली होती. परंतु न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालपत्रात महाविद्यालयीन हौशी क्रीडापरंपरेची जी प्रशंसा होती, तिचा आधार घेऊन कनिष्ठ न्यायालयांनी पात्रतेचे नियम सकृद्दर्शनी वैध मानण्यास प्रारंभ केला. हरलेल्या खटल्यातील प्रासंगिक वाक्ये संघटनेचे कवच ठरली.

टनाका विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ (२००१) या खटल्यात एका महिला फुटबॉलपटूला त्याच प्रादेशिक परिषदेतील, लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या विद्यापीठात जायचे होते. परिषदेच्या अंतर्गत स्थलांतराच्या नियमाने तिच्यावर निर्बंध आले. नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने बाजारपेठेच्या व्याख्येवर दावा फेटाळला. खेळाडूंची भरती देशभर होते, मग बाजारपेठ केवळ लॉस एंजेलिसपुरती कशी, असा न्यायालयाचा प्रश्न होता. सदर विद्यार्थिनीला शहर सोडावयाचे नव्हते, ही गोष्ट या चौकटीत बसली नाही.

डेप्पे विरुद्ध एन.सी.ए.ए. (२०१८) हा नियमाचा शेवटचा मोठा विजय होय. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातील पीटर डेप्पे हा पंटर, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारण्याचे काम करणारा खेळाडू होता. अपेक्षित शिष्यवृत्ती न मिळाल्याने तो दुसरे महाविद्यालय शोधू लागला. आयोवा विद्यापीठ तयार होते, पण तो लगेच खेळू शकत असेल तरच. पहिल्या वर्षी तो न खेळल्याने जादा वर्ष आधीच संपले होते. नियमानुसार बसल्यास एक हंगाम कायमचा जाणार होता. आयोवाने दुसरा खेळाडू घेतला. सातव्या परिमंडळाच्या न्यायालयाने जून २०१८ मध्ये नियम सकृद्दर्शनी स्पर्धेस पोषक ठरविला. नियम नसेल तर व्यावसायिक संघांप्रमाणे खेळाडूंची दरवर्षी देवघेव होईल आणि महाविद्यालयीन खेळाचे वेगळेपण नष्ट होईल, असे कारण देण्यात आले. गृहीतकामुळे पुराव्याची तपासणी झालीच नाही. नियमाने अभ्यास खरोखर सुधारतो काय, हा प्रश्न न्यायालयापुढे तथ्य म्हणून आला नाही.

ऑल्स्टन ते व्हीलिंग : २०२१ ते २०२४

संघटनेने स्वतः काही बदल केले होते. १५ ऑक्टोबर २०१८ पासून 'ट्रान्सफर पोर्टल' ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. पूर्वी जुने महाविद्यालय इतरांना खेळाडूशी संपर्क साधण्याची परवानगी नाकारू शकत असे. आता खेळाडूने कळविणे पुरेसे ठरले. एप्रिल २०२१ मध्ये वगळलेल्या पाच खेळांनाही एकदा मुक्त स्थलांतराची सवलत मिळाली. दुसऱ्यांदा महाविद्यालय बदलणाऱ्याला मात्र विशेष सूट मागावी लागे.

२१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एन.सी.ए.ए. विरुद्ध ऑल्स्टन या खटल्यात एकमताने संघटनेविरुद्ध निर्णय दिला. वाद शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादेचा होता, स्थलांतराचा नव्हे. परंतु न्यायमूर्ती गॉर्सच यांनी १९८४ च्या निकालातील प्रासंगिक विधानांना बंधनकारक मानण्यास नकार दिला आणि संघटनेचे निर्बंध सर्वसाधारण कसोटीवर तपासण्याचे तत्त्व मान्य केले. डेप्पे निकालाचा पाया त्यामुळे डळमळीत झाला.

७ डिसेंबर २०२३ रोजी ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया, न्यू यॉर्क, इलिनॉय, कोलोरॅडो, टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना या सात राज्यांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या उत्तर जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. रेक्वान बॅटल हा बास्केटबॉलपटू वॉशिंग्टन विद्यापीठ, मोंटाना स्टेट आणि नंतर वेस्ट व्हर्जिनिया असा आला होता व त्याला सूट नाकारण्यात आली होती. १३ डिसेंबर रोजी व्हीलिंग येथे न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी १४ दिवसांचा तात्पुरता मनाई हुकूम दिला. नुकसान-परतीच्या नियमाखाली शिक्षा करण्यासही मनाई करण्यात आली, ही या आदेशातील निर्णायक बाब होती. काही दिवसांतच दोन्ही पक्षांच्या संमतीने हा हुकूम वसंत हंगामाच्या अखेरीपर्यंत वाढविण्यात आला. जानेवारी २०२४ मध्ये संघीय न्याय विभागही वादी झाला. एप्रिल २०२४ मध्ये संघटनेने स्थलांतराच्या संख्येवरील मर्यादाच काढून टाकली आणि त्यानंतर संमती हुकूमनाम्याने खटला संपला. योस्ट ज्या राज्यातून सामन्यापुरता बाहेर पडला, त्याच राज्यातील न्यायालयात त्याच्यासारख्यांसाठी केलेला नियम संपुष्टात आला.

नव्या नियमात एक शैक्षणिक अट राहिली. जुन्या महाविद्यालयातून बाहेर पडताना खेळाडू शैक्षणिकदृष्ट्या पात्र असला पाहिजे आणि नव्या ठिकाणी त्याची पदवीकडे होणारी वाटचाल विहित प्रमाणात असली पाहिजे. दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४०, तिसऱ्या वर्षाअखेर ६० आणि चौथ्या वर्षाअखेर ८० टक्के भाग पूर्ण असावा, हा दंडक २००३ पासूनच अस्तित्वात होता.

मुक्ततेनंतरचे तंटे

नियम गेला म्हणून वाद संपले असे झाले नाही. वादांच्या बाजू मात्र बदलल्या. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा यांच्या वापरातून उत्पन्न मिळवता येऊ लागले. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या हाउस तडजोडीनुसार महाविद्यालयांना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. २०२५-२६ साठी त्याची मर्यादा प्रत्येक महाविद्यालयामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. मोबदला आला तसे करार आले आणि करारांबरोबर करारभंगही आला. जून २०२५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने मायामी विद्यापीठावर करारात हस्तक्षेप केल्याचा दावा लावला. संबंधित खेळाडूचे नाव पोर्टलवर नोंदविण्यास विस्कॉन्सिनने नकार दिला होता. त्याने ते विद्यापीठ सोडून सामान्य विद्यार्थ्याप्रमाणे मायामीत प्रवेश घेतला होता.

पात्रतेच्या एकूण कालावधीवरही खटले उभे राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डिएगो पाव्हिया याची कनिष्ठ महाविद्यालयातील वर्षे मोजण्यास मनाई केली. उलट जुलै २०२५ मध्ये सातव्या परिमंडळाने विस्कॉन्सिनमधील फोरक्युरियन प्रकरणात खेळाडूला मिळालेला मनाई हुकूम रद्द केला. एकाच कायद्याखाली पाच वर्षांच्या एकाच नियमाबाबत भिन्न न्यायालयांत भिन्न फळ मिळाले.

जुन्या नियमाच्या समर्थकांची एक भीती अनाठायी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. लहान महाविद्यालयाने घडविलेला खेळाडू मोठ्या विद्यापीठाने सहज उचलून न्यावा, ही तक्रार २०२१ नंतर वारंवार ऐकू आली. परंतु ती तक्रार महाविद्यालयांच्या परस्परस्पर्धेची आहे. खेळाडूच्या शिक्षणाची नव्हे. दोहोंची गल्लत करणे हेच या नियमाच्या इतिहासातील मुख्य दुखणे होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) एक वर्ष निवासाचा नियम प्रामाणिक शैक्षणिक हेतूने जन्मास आला. नवागत व स्थलांतरित या दोघांनाही तो सारखाच लागू असेपर्यंत हा हेतू टिकून होता.

२) १९७२ व १९७३ च्या निर्णयांनंतर नियमाचा शैक्षणिक आधार निसटला. त्यानंतर तो मुख्यतः महाविद्यालयांच्या सोयीचा राहिला, समर्थन मात्र शिक्षणाच्या भाषेतच होत राहिले.

३) न्यायालयांनी खेळाडूला सवलतीचा धारक मानले तेव्हा तो हरला, परंपरेचा घटक मानले तेव्हाही हरला आणि बाजारपेठेतील सहभागी मानले तेव्हा जिंकला. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर त्याच्या पदवीचे काय झाले, हा प्रश्न निकालाच्या केंद्रस्थानी नव्हता.

४) अल्पकाळ टिकणाऱ्या हक्काच्या बाबतीत अंतरिम आदेश हाच खरा न्याय असतो. नुकसान-परतीचा नियम लागू असेपर्यंत तो न्यायही अपुरा होता.

५) विद्यार्थ्याची हालचाल न रोखता, थेट शैक्षणिक प्रगतीची अट घालून शिक्षणाचे रक्षण करता येते, हे २०२४ च्या नियमाने दाखविले. ही अट १९७२ मध्येही घालता आली असती.

विद्यार्थ्याच्या हिताच्या नावाने केलेला कोणताही नियम तपासताना त्याचे नाव पाहून भागत नाही. त्याच्या अंमलात वर्ष कोणाचे जाते आणि त्या वर्षाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे पाहावे लागते. अमेरिकी महाविद्यालयांना हा हिशेब मांडण्यास अर्धे शतक लागले आणि तो शेवटी अध्यापकांच्या सभांत नव्हे, तर न्यायालयांत मांडला गेला. उच्च शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने हीच या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट होय.